विचारा, सांगते : खारदुंगच्या मातीत कोण राहतं?

या महिन्याच्या पत्रांत डोंगरच डोंगर आहेत. मागच्या अंकात मी जिवाणू खतांच्या पाकिटांबद्दल लिहिलं होतं. त्यात शेवटी एक ओळ होती, की लडाखच्या उजाड मातीतही सूक्ष्मजीव भरपूर असतात. त्या एका ओळीवर बाकी सगळ्या लेखापेक्षा जास्त पत्रं आली. उन्हाळ्यात निम्मा महाराष्ट्र लेहला असतो, तेव्हा नवल नाही. चोपण जमिनीचे आणि ठिबकचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेते.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र बुलेटवरून लेह, खारदुंग ला, नुब्रा करून आलो. खारदुंगला गवताचं पातंसुद्धा दिसलं नाही, नुसता मुरूम आणि बर्फ. त्या मातीत खरंच काही जिवंत असतं का? आणि वर जावं तशी झाडं कमी होतात, तसे जिवाणूही कमी होत जातात का?
एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी पाटीचं बोलू. खारदुंग ला वर जुन्या पाटीवर १८,३८० फूट असं लिहिलेलं असायचं. प्रत्यक्ष मोजलेली उंची ५,३५९ मीटर आहे, म्हणजे १७,५८० फुटांच्या आसपास. पाटीजवळचा फोटो काढला असेल तर राहू द्या, कुणी मोजायला येत नाही.

माती मेलेली नाही. तुम्ही उभे होतात तो रस्ता होता, तिथली जमीन बुलडोझरने आणि गाड्यांनी उलथीपालथी केलेली. रस्ता सोडून उतारावर थोडं चालायचं आणि दगडांच्या आडोशाला वाकून बघायचं. मातीवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो. नखाएवढा तुकडा भिंगाखाली धरला की वाळूचे कण अगदी बारीक धाग्यांनी एकमेकांना बांधलेले दिसतात. ते धागे म्हणजे मायक्रोकोलियस नावाचे सायनोबॅक्टेरिया, ज्यांना आपण नील-हरित शेवाळ म्हणतो ते. अधूनमधून काळे, ठिसूळ, चुरगळलेले तुकडे असतात, तो नोस्टॉक. त्याच्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघत बसावं. काळा तुकडा फुगायला लागतो, कडेने पारदर्शक होतो आणि मग हिरवट, लिबलिबीत. महिनोन्‌महिने कोरडा पडलेला जीव पाणी मिळताच कामाला लागतो. कोकणातल्या वाचकांनी हा प्राणी पाहिलेला आहे. पहिल्या पावसानंतर जांभ्याच्या कातळावर ज्याच्यावरून पाय घसरतो त्यात बरेचदा तोच असतो.

लेहला पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. मातीत सेंद्रिय कर्ब नावापुरता, नत्र त्याहून कमी. अशा ठिकाणी हवेतला नत्र ओढून मातीत आणणारे नोस्टॉकसारखे सायनोबॅक्टेरिया म्हणजे पहिले रहिवासी. चेक संशोधकांच्या एका गटाने लडाखच्या डोंगरांत बरीच वर्षं काम केलंय. मातीतले प्रकाशावर जगणारे सूक्ष्मजीव त्यांनी जवळजवळ सहा हजार मीटरपर्यंत तपासले आणि त्यात सायनोबॅक्टेरियाच पुढे होते. याच मंडळींना ६,१५० मीटरवर फुलणाऱ्या वनस्पतीही सापडल्या. त्यांच्या मुळांभोवतीच्या जिवाणूंचाही अभ्यास झाला आहे.

जे स्वतः अन्न बनवत नाहीत ते काय खातात? वारा आणून टाकतो ते. खालच्या जंगलातले परागकण, मेलेले किडे, धूळ. २००९ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या आणि नेपाळमधल्या हिमालयाच्या ओसाड, उंच मातीत बुरशींची पाहणी झाली, तेव्हा तिथे कायट्रिड नावाच्या बुरशींचं राज्य निघालं. कायट्रिडना आपण पाण्यात राहणाऱ्या म्हणून ओळखतो. बेडकांना मारणारी कुप्रसिद्ध बुरशी त्याच कुळातली. त्या इतक्या कोरड्या दिसणाऱ्या जागी कशा? तर बर्फ वितळतो तेव्हा ती माती चिंब भिजलेली असते, आणि कायट्रिडना परागकण आवडतात. जेवण वाऱ्याने येतं, पाणी बर्फातून.

आता तुमचा दुसरा प्रश्न. वर जावं तसे जिवाणू कमी होतात का? माणसाने डोंगर चढताना झाडं मोजली, पक्षी मोजले, फुलपाखरं मोजली, आणि साधारण नियम हाती लागला. मग जिवाणूंनाही तोच लावून बघितला. २००८ साली रॉकी पर्वतात जिवाणूंच्या एका मोठ्या गटाची, ॲसिडोबॅक्टेरियाची, पाहणी झाली. उंचीबरोबर त्यांचे प्रकार कमी होत गेले. झालं, नियम सापडला असं वाटलं. २०११ साली पेरूमध्ये, अँडीजच्या पूर्व उतारावर, ॲमेझॉनच्या सपाटीपासून तीन हजार मीटरच्या वरपर्यंत माती तपासली. झाडं, पक्षी, वटवाघळं वर जाताना कमी होत होती. जिवाणूंच्या विविधतेला उंचीचं काही देणंघेणंच नव्हतं. २०१२ साली जपानच्या फुजी पर्वतावर पाहिलं, तर जिवाणू डोंगराच्या मध्यावर सगळ्यात विविध, वर आणि खाली कमी. तीन डोंगर, तीन उत्तरं.

मला यात गोंधळ वाटत नाही. जिवाणूला आपण किती मीटरवर आहोत ते कळत नाही. त्याच्या भोवतीच्या पाण्याच्या पातळ थरात आम्ल किती, क्षार किती, खायला काय आहे आणि गोठायला कधी होतं, एवढंच त्याला कळतं. तुम्हाला खारदुंगला धाप लागली, त्याला लागत नाही; चिंब मातीच्या पोटात याहून कमी प्राणवायूवर त्याचे भाऊबंद खाली सुखाने राहतात. उंची बदलली की यातल्या काही गोष्टी बदलतात, पण प्रत्येक डोंगरावर वेगळ्या तऱ्हेने.

या सगळ्यात सामूचं, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कली आहे त्या मापाचं (पीएच), वजन सर्वांत जास्त. २००६ साली नोआ फिअरर आणि रॉबर्ट जॅक्सन यांनी उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या ९८ ठिकाणच्या मातीतले जिवाणू तपासले. तापमान, पाऊस, विषुववृत्तापासूनचं अंतर यांवरून विविधतेचा फारसा पत्ता लागत नव्हता. सामूवरून लागत होता. सात सामूच्या जवळपास जिवाणूंचे प्रकार सगळ्यात जास्त, आम्ल जमिनीत सगळ्यात कमी. म्हणून ॲमेझॉनचं हिरवंगार जंगल या बाबतीत गरीब निघालं.

साताऱ्यात राहणाऱ्या माझ्यासारखीला हे पटायला अँडीज लागत नाही. महाबळेश्वर-जावळीकडची तांबडी माती माझ्याकडे तपासायला येते ती साडेपाच-सहा सामूची, माण-खटावची चुनखडीची आठच्या पुढची. महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि चुना, मॅग्नेशियम सगळं धुऊन नेतो. माणला पाचशेच्या आतबाहेर, तिथे चुना जागेवरच साचतो. दोन्हींच्या उंचीत हजार मीटरचाही फरक नाही, पण जिवाणूंच्या दृष्टीने ते दोन देश आहेत. लडाखची माती सामूच्या बाबतीत महाबळेश्वरपेक्षा माणच्या जवळची आहे.

बुरशीचं गणित मात्र थोडं निराळं. २०१४ साली जगभरातल्या ३६५ ठिकाणांच्या मातीतल्या बुरशी तपासल्या गेल्या, त्यात हवामानाचा हात सर्वांत वरचा निघाला, मातीचे गुणधर्म त्याच्या मागे. त्यामुळे तुमच्या प्रश्नाला पुढच्या वेळी कुणी सरळ हो किंवा नाही म्हणालं, तर आधी विचारा: जिवाणू की बुरशी, आणि कुठला डोंगर?

प्रश्न : मी विज्ञान शिकवत असे. ‘सूक्ष्मजीव सगळीकडे असतात, परिस्थिती त्यांतले निवडते’ असं आम्ही मुलांना सांगायचो. वारा सगळं सगळीकडे नेत असेल तर हिमालयातले आणि अँडीजमधले जिवाणू वेगळे असण्याचं कारणच काय?
एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, हे वाक्य डच शास्त्रज्ञ बास बेकिंग यांचं, १९३४ सालचं. नव्वद वर्षं झाली, अजून त्यावरून भांडणं चालू आहेत. मी तुमच्या बाजूने सुरुवात करते.

वारा नेतो, आणि फार वर नेतो. २००५ साली हैदराबादहून एक भलामोठा फुगा सोडला गेला. इस्रोच्या या प्रयोगामागे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे जयंत नारळीकर होते. जीवसृष्टीचं बीज अंतराळातून येत असेल का, हा त्यांचा आणि ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचा जुना ध्यास. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली आणि हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-जीवशास्त्राच्या संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात तपासली. त्यातून वाढलेल्या जिवाणूंत तीन जाती नव्या ठरल्या आणि २००९ साली त्यांची नावं जाहीर झाली: जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय. वर्तमानपत्रांना ‘अंतराळातले जिवाणू’ सापडले. त्यातला आर्यभट्टाय पुढे सोयाबीनच्या मुळाजवळच्या साध्या मातीतसुद्धा सापडला. माझा अंदाज विचाराल तर तो खालूनच वर गेला असणार. पण एवढ्या उंचीवरून जिवंत परत येतो, म्हणजे दोन पर्वतांमधलं अंतर त्याला फार नाही.

नॅगानिशिया नावाचं एक यीस्ट आहे. अटाकामाच्या वाळवंटात युयायाको नावाचा ६,७३९ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. त्याच्या वरच्या उतारांवर माती इतकी कोरडी आणि ऊन इतकं प्रखर, की मोजकेच जीव टिकतात. त्यांत हे यीस्ट असतं. हेच कुळ अंटार्क्टिकात आणि एव्हरेस्टच्या साउथ कोलवरही मिळालं आहे. तीन खंड, एकमेकांशी जमिनीवरून काही संबंध नाही, आणि वरच्या मजल्यावर राहणारे तेच. इथे बास बेकिंग यांना पूर्ण गुण.

आता दुसरी बाजू. २००३ साली गंधकाच्या उकळत्या झऱ्यांतल्या सल्फोलोबस या सूक्ष्मजीवाचे नमुने कामचाटका, आइसलँड आणि अमेरिकेतल्या यलोस्टोनसारख्या ठिकाणांहून गोळा करून त्यांची जनुकं ताडून पाहिली. झरे सारखेच, आम्ल सारखं, उष्णता सारखी. तरी ठिकाणं जितकी लांब तितके ते सूक्ष्मजीव एकमेकांपासून वेगळे. म्हणजे परिस्थिती एकच असूनही अंतराने फरक पडला. कारण उघड आहे. उकळत्या आम्लात राहणाऱ्याला गार हवेतून हजारो किलोमीटर प्रवास झेपत नाही. नॅगानिशियाला उन्हाची, कोरडेपणाची आणि गोठण्याची सवय असते, प्रवासात तेच तर सोसायचं असतं.

म्हणून मी ते वाक्य शिकवताना एक पुस्ती जोडते: प्रवास कोणाला झेपतो ते बघा. उंच डोंगरावर राहणारे बहुतेक जण चांगले प्रवासी असतात, कारण राहायला लागणारे आणि प्रवासाला लागणारे गुण तिथे एकच आहेत. लडाखच्या पुगा खोऱ्यात ४,४०० मीटरवर गरम पाण्याचे झरे आहेत. त्यांच्या कडेची थंड माती आणि खुद्द झरा यांत पावलाभराचं अंतर, पण मातीतल्याचे नातेवाईक जगभर असतील, झऱ्यातल्याचे शोधावे लागतील.

प्रश्न : आमचा ट्रेकचा ग्रुप आहे. हिमालयात लीडर संत्र्याचं साल किंवा केळीचं सालसुद्धा टाकू देत नाहीत. साल तर कुजणारंच ना? मातीत जिवाणू आहेत म्हणता, मग ते काय करतात?
एक वाचक, ठाणे

उत्तर : लीडरचं ऐका. जिवाणू आहेत, पण त्यांचा वेग थंडीच्या हातात आहे. फ्रिजमध्ये दूध आठवडाभर टिकतं ते काही फ्रिजमध्ये जिवाणू नाहीत म्हणून नाही. वर रात्री माती गोठते, दुपारी वरचा थर वितळतो, वारा साल वाळवून टाकतो, आणि वाळलेल्याला कोणी हात लावत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात पंधरवड्यात नाहीसं होणारं साल तिथे पुढचा हंगाम येईपर्यंत तसंच पडलेलं असतं.

सगळा हिवाळा काम बंद असतं असं मात्र समजू नका. कोलोरॅडोतल्या निवॉट रिजवर वर्षानुवर्षं केलेल्या मोजणीत मातीतल्या सूक्ष्मजीवांचं वजन उन्हाळ्यात नव्हे, तर हिवाळ्याच्या शेवटी, जाड बर्फाखाली सर्वांत जास्त भरलं. बर्फ पांघरुणाचं काम करतो, खालची माती शून्याच्या आसपास राहते, आणि शरद ऋतूत पडलेला पाचोळा तिथे हळूहळू खाल्ला जातो. त्या बर्फाखाली बुरशींच्या अशा शाखा सापडल्या ज्यांची आधी कोणाला माहितीच नव्हती. पण हे जाड बर्फ आणि भरपूर गवत असलेल्या ठिकाणचं. तुमचं साल उघड्या खडीवर पडतं.

सालाचं ठीक आहे हो, विष्ठेचं काय? ती तर अजून अवघड. एव्हरेस्टच्या स्थानिक पालिकेने २०२४ पासून बेस कॅम्पच्या वर जाणाऱ्यांना विष्ठेच्या पिशव्या नेणं आणि परत आणणं सक्तीचं केलं, ते यामुळेच. लडाखी घरांत कोरडे संडास असतात. त्यांत माती-राख टाकत राहतात आणि पुढे ते खत शेतात जातं. तिथे ढीग असतो, ऊब असते, वेळ दिलेला असतो. डोंगरावर उघड्यावर यातलं काहीच नसतं.

साउथ कोलचा उल्लेख वर आला. ७,९०० मीटरवरची ती जागा म्हणजे एव्हरेस्टचा शेवटचा तळ. २०१९ सालच्या मोहिमेत तिथली माती आणली, तिच्यावरचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस सापडले. माणसाच्या कातडीवर, नाकात, तोंडात राहणारे हे जिवाणू. शिंका, खोकले, नाक पुसलेले रुमाल. ते तिथे वाढत नव्हते. बहुधा झोपलेले किंवा मेलेले. पण गोठून शाबूत. तेव्हा तुम्ही वर काय सोडता याचा हिशेब डोंगर फार काळ ठेवतो.

प्रश्न : निफाडला द्राक्षबाग आहे. हिमालयातल्या मातीतून काढलेले थंडी सहन करणारे जिवाणू खत म्हणून मिळतात असं ऐकलं. थंडीत आमच्या बागेला त्यांचा फायदा होईल का?
एक द्राक्ष बागायतदार

उत्तर : असे जिवाणू आहेत, ऐकीव गोष्ट नाही. अल्मोड्याला विवेकानंद पर्वतीय कृषी संशोधन संस्थेत आणि जवळच कोसी-कटारमलला गोविंद वल्लभ पंत संस्थेत स्यूडोमोनाससारख्या थंडीत काम करणाऱ्या जिवाणूंवर बरंच काम झालंय. ते तिथल्या गहू-मसुराच्या शेतीसाठी, जिथे पेरणीनंतर आठवडेच्या आठवडे माती गारठलेली असते.

तुमच्याकडे काही रात्री पारा पाच अंशांखाली जातो, खरंय. पण तो हवेतला पारा. वीतभर खोल मातीत थर्मामीटर खोचून पहाटे बघा, तिथे इतकी थंडी नसते आणि दुपारी तर मुळीच नाही. तुमच्या स्थानिक जिवाणूंना त्यात काही अडचण नाही. शिवाय तुमच्या काळ्या जमिनीचा सामू आठच्या आसपास, स्फुरद चुन्याशी बांधलेला. अल्मोड्याच्या जिवाणूला तुमची थंडी चालेल हो, पण तुमची जमीन आणि तुमचा एप्रिल-मे चालेल का हा प्रश्न आहे. कृषी विद्यापीठाचं स्थानिक पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, घ्या, शेणखतात मिसळून सावलीत टाका. आणि पाकीट जीपच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. निम्मी जिवाणू खतं शेतात पोचायच्या आधी तिथेच मरतात.

प्रश्न : सासूबाई केदारनाथहून थोडी माती घेऊन आल्या आणि तुळशीच्या कुंडीत घातली. त्यातून काही अपाय किंवा फायदा?
एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : दोन्ही नाही, निर्धास्त राहा. साडेतीन हजार मीटरवरून आलेल्या जिवाणूंना पुण्याचा मे महिना आणि कुंडीतले मुरलेले रहिवासी एकदम भेटणार. त्यांतले थंडीचे सोबती टिकणार नाहीत. आणि बरेचसे तर आधीच कुंडीत असतील. २०१८ साली सहा खंडांतल्या २३७ ठिकाणच्या मातीची एक मोठी पाहणी झाली. त्यात सापडलेल्या जिवाणूंच्या प्रकारांपैकी जेमतेम २ टक्के प्रकारांनीच सगळीकडची जवळजवळ निम्मी वस्ती व्यापलेली होती. केदारनाथची माती आणि तुळशीची कुंडी, दोन्हींकडे त्यांतली काही मंडळी असणारच. सासूबाईंच्या भावनेला काही सांगायला जाऊ नका. फक्त पुढच्या वेळी वरची माती वरच राहू द्या म्हणावं, तिथे ती बनायला फार वर्षं लागतात.

प्रश्न : मी झुरिकजवळ राहतो. मॉर्टेराच हिमनदीच्या वाटेवर ‘इथे अमुक साली हिमनदीचं टोक होतं’ अशा पाट्या आहेत. बर्फ गेल्यावर उघड्या पडलेल्या दगडधोंड्यांत पहिले कोण येतं?
एक वाचक, स्वित्झर्लंड

उत्तर : तुम्ही ज्या वाटेवर चालता ती म्हणजे मातीचा जन्मदाखला आहे, दर पाटीला काही वर्षांनी मोठी झालेली माती. झाडाच्या आधी, शेवाळाच्या झुबक्याच्या आधी सूक्ष्मजीव येतात. पेरूतल्या पुका हिमनदीसमोर, पाच हजार मीटरवर, नुकत्याच उघड्या पडलेल्या जमिनीत सायनोबॅक्टेरिया लगेच बस्तान बसवतात आणि हिरवं पान दिसण्याच्या कितीतरी आधी नत्र मातीत घालू लागतात, असं आढळलं. तुमच्याच देशात दामा हिमनदीसमोर ग्रॅनाइटच्या चुऱ्यात सापडलेल्या बुरशी प्रयोगशाळेत वाढवल्या. त्या सायट्रिक, मॅलिक, ऑक्झॅलिक अशी आम्लं सोडून दगडातून लोह, कॅल्शियम मोकळं करताना दिसल्या. लिंबाच्या रसातलंच सायट्रिक आम्ल, फक्त गिऱ्हाईक दगड आहे. पुढच्या वेळी अलीकडच्या आणि सगळ्यात जुन्या पाटीजवळची चिमूटभर माती बोटांत चुरून बघा, वास घेऊन बघा. जुनीला मातीचा वास येईल, नवीला येणार नाही. तो वास ॲक्टिनोबॅक्टेरियांचा, आपल्या पहिल्या पावसाचा तोच.

प्रश्न : मी एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राला आहे. कासपासून सुरुवात करून उंचीनुसार मातीतले जिवाणू कसे बदलतात यावर प्रबंध करायचा आहे. नमुने कसे घ्यावेत?
एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : विषय चांगला आहे, पण शीर्षकातून ‘उंचीनुसार’ काढ. कास साधारण १,२०० मीटरवर. तिथून खाली येताना उंची बदलते तसा खडक बदलतो, पाऊस बदलतो, कातळाचा सडा जाऊन जंगल येतं, मग भात, मग ऊस. शेवटी फरक दिसेल आणि तू उंचीच्या नावावर खपवशील. त्यापेक्षा एकाच उंचीवरच्या दोन वेगळ्या जमिनी घे: कासचा जांभ्यावरचा पातळ थर आणि शेजारच्या रानातली पाचोळ्याखालची माती. नाहीतर एकाच खडकाची, एकाच वनस्पतीखालची माती वेगवेगळ्या उंचीवर घे. दोन्ही एकदम नको.

प्रत्येक जागी निदान पाच ठिकाणांहून घे आणि पाचही वेगळ्या ठेव. एकत्र कालवून एकच नमुना केलास तर जागेच्या आतला फरक किती हे कधीच कळणार नाही, आणि परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. वरचा पाचोळा बाजूला सार, पाच-दहा सेंटिमीटरपर्यंतचीच माती घे, दर वेळी खुरपं स्पिरिटने पुसून ज्योतीवर धर. पिशव्या बर्फाच्या पेटीत. एसटीच्या टपावर नाही, मांडीवर. सामू, सेंद्रिय कर्ब, ओलावा त्याच नमुन्यांतून मोजायचा. दुसऱ्या कोणाच्या जुन्या अहवालातला सामू उचलून लावू नकोस.

पेट्री डिशमध्ये वाढतात ते मातीतल्या जिवाणूंपैकी फार थोडे, म्हणून डीएनए काढावा लागेल, जिवाणू ओळखायला वापरतात तो १६-एस राइबोसोमल आरएनएचा जनुक वाचावा लागेल. पण डीएनए मेलेल्यांचाही येतो. २०१६ साली अमेरिकेतल्या मातींवर झालेल्या कामात मिळालेल्या डीएनएपैकी सरासरी ४० टक्के पेशींबाहेरचा किंवा फुटलेल्या पेशींतला निघाला. थंड, कोरड्या ठिकाणी तर तो लवकर नासतही नाही. त्यामुळे ‘इथे अमुक जिवाणू राहतो’ असं लिहिण्याआधी ‘इथे त्याचा डीएनए सापडला’ असं लिहायला शीक. ताट-मोजणीही, म्हणजे डिशमध्ये वाढलेल्या वसाहती मोजणं, सोबत कर, निदान वाढू शकणारे जिवंत किती ते कळेल. नवीन काही वाढलं तर पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात ते जपून ठेवण्याची सोय आहे.

आणि कास हे जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. तिथून चमचाभर माती उचलायलाही वनखात्याची परवानगी लागते. अर्ज मार्गदर्शकांच्या सहीने, जागांच्या नकाशासह, पावसाळ्याच्या आधी दे. फुलांच्या हंगामात कोणाला वेळ नसतो.